पाहुण्यांची शीट

"तुझ्या आईचं माहेरचं नाव काय?"

मठपती मॅडमनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी त्यांच्या ऑफिसच्या दारात कॉलेजचं पत्र घेऊन उभी होते. पत्रावरचा शिक्का दिसावा म्हणून ते पुढे धरलं होतं. त्यांनी पत्राकडे पाहिलंही नाही. नाव, गाव, कॉलेज असं काहीतरी विचारतील म्हणून मी रिक्षात उत्तरं पाठ करत आले होते. हे उत्तर माझ्याकडे नव्हतं.

"आईचं नाव लक्ष्मी," मी म्हणाले.

"ते सासरचं असंल. माहेरचं इचारले मी."

मला खरंच माहीत नव्हतं. आईच्या लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं होतं, एवढं ऐकलेलं होतं. त्याच्या आधीचं नाव कधी कानावर आलंच नव्हतं. मामा तिला अक्का म्हणतो आणि आजी-आजोबा मी कळती होण्याआधीच गेले. वीस वर्षांची झाले तरी आपल्याला आईचं नाव माहीत नाही, हे मला त्या दारात पहिल्यांदा कळलं.

"जा, भाईर जाऊन फोन लाव. कळल्यावर ये," मॅडम म्हणाल्या आणि परत स्क्रीनकडे वळल्या.

मी जिन्यात जाऊन फोन लावला. आई म्हणाली, "कोन इचारलं गं?" ऑफिसातल्या मॅडमनी विचारलंय, असं सांगितलं. मागून कोंबड्यांचा आवाज येत होता. नंतर ती हळूच म्हणाली, "रुख्मिन." आणि लगेच घाबरून, "कामून इचारलं पर? काई चुकलं का तुझं?"

आत येऊन मी नाव सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "हौदु. बस आता." त्या उदगीरच्या. तिकडे कर्नाटक जवळ, त्यामुळे मन भरलं की त्यांच्या तोंडून कन्नडमधला हा होकार निघायचा. त्या दिवसापासून त्यांनी मला माझ्या नावानं एकदाही हाक मारली नाही. "ए रुख्मिनची," असंच म्हणायच्या. सुरुवातीला मला लाज वाटायची. पुढे कुणी माझ्या नावानं हाक मारली की चुकल्यासारखं वाटायला लागलं.

मी नांदेडला एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकते. आमचं गाव हदगाव तालुक्यात, आणि आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. त्यामुळे मला हे सगळं नीट लिहिता येईल का, याची खात्री नाही. पण मॅडमबद्दल कुणीतरी लिहायला हवं आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर आठ महिने मीच बसले होते.

शेवटच्या वर्षाला कुठेतरी काम करून प्रकल्प लिहायचा असतो. सरांनी मला या आरोग्य संस्थेत पाठवलं. संस्था गावोगाव शिबिरं घेऊन किडनीची तपासणी करते. रक्तातलं क्रिएटिनिन मोजतात. किडनी थकायला लागली की तो आकडा वाढत जातो. भोकर, हदगाव, उदगीर अशा ठिकाणांहून दर महिन्याला एक्सेलच्या फाइली येत आणि मॅडम त्या एकत्र करत. त्यातून एक यादी निघायची. ज्याची किमान तीनदा तपासणी झाली आहे आणि प्रत्येक वेळी आकडा मागच्यापेक्षा वाढला आहे, त्याचं नाव या यादीत. त्याला फोन करून सांगायचं की मोठ्या दवाखान्यात या, उशीर करू नका. नाव यादीत आलं तर माणूस वेळेवर पोचायचा. नाही आलं तर घरीच बसून राहायचा, पाय सुजेपर्यंत.

यादी म्हटली तर सोपी. अडचण अशी होती की कुठल्याच दोन फाइलींत रकान्यांची नावं सारखी नसायची.

यात भोकरच्या बालाजीचा हात कुणी धरू शकत नव्हतं. तो तिथला ऑपरेटर. मी त्याला कधी पाहिलं नाही, पण त्याचे आणि मॅडमचे फोन मला पाठ आहेत.

"बालाजी, मागच्या महिन्यात रकान्याला 'क्रिएट' लिहिलास. त्याच्या आधी 'किडनी' होतं. ह्या टायमाला 'वरीलप्रमाणे' लिहिलास. वर काय हाय रे?"

"वर शीर्षक व्हतं मॅडम. ते साहेबानं काडाय लावलं."

"मग आता काय आभाळाप्रमाणं समजायचं का मी?"

"तुमाला कळतंय की मॅडम, कशाला तरास करून राहिले."

"मला कळतंय रे बाबा. मशीनला कळत न्हाई."

खरंच मशीनला कळत नाही. आपण सांगितलेलं नाव सापडलं नाही की ते तो रकाना सोडून पुढे जातं. ओरडत नाही, लाल होत नाही. मॅडमना याचीच भीती वाटायची. "भांडणारं परवडलं," त्या म्हणायच्या. "हे गपचिप सोडतंय. रकाना गेला की त्याच्याखालची माणसं पण गेली."

मॅडम पंचेचाळिशीच्या असतील. ठेंगण्या, कपाळावर विभूतीची बारीक रेघ, सुती साडी. खुर्चीवर बसल्या की चपला टेबलाखाली काढून ठेवायच्या. डब्यात रोज ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. "घेणार का" असं त्या कधी विचारत नसत. माझा हात ओढायच्या आणि तळव्यावर चटणी ठेवायच्या. होस्टेलच्या जेवणाबद्दल मी कधी काही बोलले नव्हते.

त्यांनी मला जे शिकवलं ते कॉलेजातही पुढच्या सत्रात आलं, पण मला त्यांच्याच भाषेत आठवतं. आलेल्या फाइली आडव्या असायच्या. एका ओळीत एक माणूस, आणि प्रत्येक शिबिराची तारीख त्याच्या उजवीकडे नवा रकाना होऊन चिकटत जायची. मॅडम म्हणायच्या, "आडव्या फाइलीत माणूस झोपलेला असतोय. उभी कर तिला, म्हंजी बोलंल." उभी करायची म्हणजे एका ओळीत एक माणूस, एक तारीख, एक आकडा. तोच माणूस पुन्हा तपासला तर नवी ओळ, पहिलीच्या खाली. मग बोट वरून खाली फिरवलं की आकडा चढतोय की उतरतोय ते दिसायचं. पहिल्यांदा मी अशी फाइल उभी केली तेव्हा मॅडम खुर्ची मागे सारून नुसत्या बघत राहिल्या. म्हणाल्या, "आता बघ, कशी उठून बसली माणसं."

त्यांची दुसरी शिस्त म्हणजे नावांची शीट. त्यात दोनच रकाने. डावीकडे जे आलं ते, उजवीकडे आपलं. 'किडनी', 'क्रिएट', 'वरीलप्रमाणे', सगळं डावीकडे. उजवीकडे प्रत्येकापुढे 'क्रिएटिनिन'. डावी बाजू सुधारायला त्या कधीच द्यायच्या नाहीत. "समोरच्यानं जे लिहिलं त्याला हात लावू नको. उद्या तो तसंच परत लिहील, तवा वळखू यायला पायजे."

आणि ज्याचं काहीच कळत नाही, ते सगळं तिसऱ्या शीटमध्ये. तिचं नाव त्यांनी ठेवलं होतं 'पाहुणे'.

"पाव्हण्याला आधी पाणी द्यायचं, मग गाव इचारायचं," त्या म्हणायच्या. "दारातूनच हाकलायचं न्हाई."

मी हाकललं. दुसऱ्याच आठवड्यात. हदगावच्या फाइलीत 'नवीन २' नावाचा एक रकाना होता. बहुतेक मोकळाच, मध्येच कुठेतरी आकडे. मला वाटलं चुकून आला असेल. मी तो उडवून टाकला आणि फाइल स्वच्छ झाली म्हणून मनात खूश झाले. मॅडमची एक सवय होती. फाइल उभी करायच्या आधी एकूण आकडे किती आणि केल्यावर किती, हे त्या कागदाच्या तुकड्यावर लिहायच्या. "आत गेले किती, भाईर आले किती. लग्नात ताटं मोजतोत तसं." त्या दिवशी अकरा कमी भरले.

मी मान खाली घातली. मला वाटलं आता पत्र परत देतील आणि घरी पाठवतील. बाबांना काय सांगायचं हेही मी ठरवायला लागले होते. मॅडमनी मूळ फाइल उघडली, रकाना परत आणला आणि फोन माझ्या हातात दिला. "हदगावला लाव. इचार हे अकरा कोण हायेत."

शिबिराच्या दिवशी येऊ न शकलेल्या त्या अकरा जणी होत्या. तिथल्या सिस्टरनं घरी जाऊन त्यांचं रक्त घेतलं होतं. त्यातल्या दहा जणी जुन्या यादीत सापडल्या. अकरावीच्या तीन तपासण्या भरेनात. शांताबाई असं नाव, याआधी एकदाच तपासलेली. मॅडमनी सिस्टरला विचारलं, "हिचं माहेर कुठलं?" सिस्टर म्हणाली, भोकरकडलं. "माहेरचं नाव?" ते सिस्टरला शेजारणीकडून विचारून सांगावं लागलं. द्वारका.

भोकरच्या फाइलीत द्वारका होती. सणाला माहेरी गेली तेव्हा आईबरोबर शिबिरात बसली होती. मधलं नाव बापाचं, आडनाव माहेरचं, नंबर भावाचा. या बाईत आणि हदगावच्या शांताबाईत एकही अक्षर सारखं नव्हतं. मॅडमनी नावांच्या शीटवर डावीकडे दोन्ही नावं लिहिली, उजवीकडे एक. तीन ओळी एकाखाली एक आल्या. तिन्ही चढत्या.

फोन मॅडमनी स्वतः केला.

"द्वारकाबाई का?"

"कोन बोलून राहिलं? माहेरचं हाव का?"

"माहेरचंच समज, बाई," मॅडम म्हणाल्या. "उद्याच्या उद्या दवाखान्यात यायचं बघ."

ती आली. वेळेत आली असं डॉक्टर म्हणाले. पुढे एकदा ऑफिसला येऊन हरभऱ्याच्या डहाळ्यांचा भारा टेबलावर ठेवून गेली. मॅडमनी तो सगळा सोलला आणि सोलता सोलता मला म्हणाल्या, "रकान्याचं नाव बदललं म्हणून खालचे आकडे बदलतेत का? बाईचंबी तसंच हाय. वरचं बदलतंय. खाली सगळं तेच ऱ्हातंय."

म्हणूनच त्या सगळ्यांना माहेरचं नाव विचारायच्या. नवीन नर्सला, सफाईच्या मावशींना, कुरिअर आणणाऱ्याला त्याच्या बायकोचं. त्यांनी फाइलीत 'माहेरचं नाव' असा वेगळा रकाना घातला होता. गेल्या उन्हाळ्यात मुख्य ऑफिसमधून नवा फॉरमॅट आला आणि त्यात तो रकाना नव्हता. मॅडम भांडल्या. मुख्य ऑफिसचे साहेब आले होते तेव्हा उभ्या राहून बोलल्या. साहेब सौम्य होते. म्हणाले, "मॅडम, फॉर्म लांब होतो. बायका पण सांगायला लाजतात."

"फॉर्म लांब झाला तर कागद जास्त लागंल साहेब. न्हाई झाला तर बाई मधी तुटती."

साहेब हसले आणि फॉरमॅट तसाच राहिला. त्यानंतर मॅडम माहेरचं नाव 'शेरा' या रकान्यात लिहायला लागल्या. शेऱ्याचा एक आणि यादीचा एक, असे त्यांचे दोन नियम होते. शेऱ्यात खोटं लिहायचं नाही, आणि फोन झाल्याशिवाय कुणाचं नाव यादीतून काढायचं नाही. फोन कितीही उशिरा झाला तरी.

दिवाळीच्या थोडं आधी आमच्याच ऑफिसच्या लोकांची तपासणी झाली. दरवर्षी होते. मॅडमची ही दुसरी वेळ. रिपोर्ट आल्यावर सिस्टर म्हणाली, "मॅडम, तुमचं जरा जास्त आलंय. डॉक्टरांना दाखवा."

"यादी करणारानं यादीत जायचं नसतंय, सिस्टर," मॅडम म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसले.

मी मुद्दाम लिहिते आहे की मी हसले.

त्यानंतर काही दिवसांनी मी पाहुण्यांची शीट आवरत होते. एकेका नावाचा शोध घ्यायचा, सापडलं की हलवायचं. एका नावाशी मी अडले.

"मॅडम, महादेवी स्वामी, उदगीर. दोन तपासण्या आहेत, दोन्ही नागपंचमीच्या सुमाराच्या, गेल्या वर्षीची आणि यंदाची. आकडा वाढलाय. पण तिसरी कुठेच लागत नाही. ही सासरी कुठे असते कुणास ठाऊक. नंबर आहे, फोन लावू का?"

मॅडम त्यांच्या स्क्रीनकडे बघत होत्या. माझ्याकडे वळल्या नाहीत.

"न्हाई. ती माझ्या वळखीची हाय," त्या म्हणाल्या. "तिला मी सांगते."

मी पुढच्या नावाकडे गेले. त्यांनी सांगितलं म्हणजे झालं, असं मला वाटलं. 'सांगते' म्हणाल्या आणि सांगितलं नाही, असं तोवर एकदाही झालं नव्हतं.

थंडीत त्यांच्या चपला टेबलाखालून दिसेनाशा झाल्या. मग कळलं की त्या एक नंबर मोठ्या सँडल घालायला लागल्यात आणि त्या काढतच नाहीत, कारण काढल्या की परत चढत नव्हत्या. डब्यातली भाकरी उरायला लागली. चटणी मात्र त्या अजूनही माझ्या हातावर ठेवायच्या. मी विचारलं, "मॅडम, बरं नाही का?" "बैठं काम हाय गं. पाय जड होतेत." रोज ज्या यादीत मी 'पायांना सूज' असं टाईप करत होते, तीच मी. मला का कळलं नाही, हे मी स्वतःला खूप वेळा विचारलंय. मला वाटतं, आपण ज्यांच्याकडून शिकतो त्यांना काही होत असेल असं आपल्या मनात येतच नाही. पण हे उत्तर मला पुरत नाही.

संक्रांतीनंतर एक दिवस त्या ऑफिसला आल्या नाहीत. मग कळलं, उदगीरहून त्यांचा भाऊ, अण्णा, आला आणि त्यांना लातूरच्या दवाखान्यात घेऊन गेला. मी रविवारी बसनं लातूरला गेले. डायलिसिस नुकतंच झालं होतं. अंगावर हिरवी चादर, हाताला पट्टी, कपाळावरची विभूती कुणीतरी ताजी लावलेली. मला बघून त्या हसल्या आणि पहिलं वाक्य, "भोकरचं आलं का?"

"आलं मॅडम. ह्या वेळी बालाजीनं 'क्रिएटिनिन अंतिम' लिहिलंय."

"अंतिम कुठलं आलंय त्याचं," त्या म्हणाल्या. हसताना त्यांना दम लागला. "डावीकडं लिहून ठेव. पुढच्या टायमाला 'अंतिम खरे' लिहितंय बघ."

मी सोबत संत्री नेली होती. किडनीच्या माणसाला संत्री चालत नाहीत, हे मला माहीत असायला हवं होतं. मॅडमनी पिशवीत बघितलं. "ठेव तिथं, अण्णा खाईल," म्हणाल्या. मग माझा हात धरून विचारलं, "तुझी आई कशी हाय? रुख्मिन?"

"बरी आहे मॅडम."

"तिला कोण हाक मारतंय का त्या नावानं?"

मी सांगितलं की आता मी कधी कधी मारते, आणि ती 'चल, गप' म्हणते पण ओ देते. मॅडमनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "हौदु." आणि थोड्या वेळानं, "पाव्हण्यांची शीट बघत जा गं, रुख्मिनची. मी नसले तरी."

मी हो म्हणाले. बस चुकेल म्हणून निघाले. त्या सगळ्या वेळात, त्या आठ महिन्यांत, माझ्या तोंडून एक प्रश्न एकदाही निघाला नाही. जो प्रश्न त्यांनी मला दारातच विचारला होता. तो त्यांना विचारावा हे कुणालाच सुचलं नव्हतं. सगळ्यांना त्या स्वाती मठपती म्हणूनच माहीत होत्या. विचारायच्या त्याच, त्यामुळे त्यांनाही कुणी विचारायला हवं, हे आमच्या लक्षात आलं नाही.

आठ दिवसांनी त्या गेल्या. आम्ही ऑफिसचे चौघं उदगीरला गेलो. अंत्यविधी माहेरीच होता. त्यांचे यजमान, मठपती सर, शाळेत शिक्षक आहेत. ते ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडत होते.

मी आत गेले आणि दचकले. मॅडमना आडवं ठेवलेलं नव्हतं. त्यांच्या लिंगायत समाजात तशी रीत आहे. मृताला मांडी घालून बसवतात आणि तसंच समाधीत उतरवतात. मला हे माहीत नव्हतं. हार घातलेल्या, कपाळभर विभूती लावलेल्या, ताठ बसलेल्या मॅडम माझ्यासमोर होत्या. मला त्यांचं 'उभी कर तिला, म्हंजी बोलंल' आठवलं. मी खरंच थोडा वेळ वाट पाहिली.

त्यांचा भाऊ पुढे आला. मोठा, आडत दुकान चालवणारा माणूस. त्यांच्या पायाशी बसला आणि लहान पोरासारखा म्हणाला, "म्हादे, ऊठ की गं. म्हादे."

एक म्हातारी रडत होती, "माझी महादेवी गेली गं."

महादेवी स्वामी, उदगीर. दोन तपासण्या, दोन्ही पंचमीच्या सुमाराच्या. पंचमीला लेकी माहेरी जातात. माहेरच्या सिस्टरनं माहेरचं नाव लिहिलं असणार, लहानपणापासून ओळखत असेल तर दुसरं कुठलं लिहिणार? नंबर भावाचा. 'ती माझ्या वळखीची हाय. तिला मी सांगते.'

सोमवारी ऑफिसला जाऊन मी पाहुण्यांची शीट उघडली. ते नाव तिथेच होतं. नावांच्या शीटवर गेले तर सगळ्यात खाली डाव्या रकान्यात मॅडमनी ते लिहून ठेवलेलं होतं: महादेवी शिवलिंग स्वामी. उजवी बाजू मोकळी होती. त्यांनी अर्धी ओळ लिहिली आणि थांबल्या. का थांबल्या, मला माहीत नाही. भीती वाटली असेल. वेळ आहे असं वाटलं असेल. किंवा त्यांना वाटलं असेल की कुणीतरी विचारेल.

मी उजवीकडे लिहिलं: स्वाती मठपती.

चार ओळी एकाखाली एक आल्या. उदगीर, नांदेड, उदगीर, नांदेड. एका नावाखाली दोनच होत्या, म्हणून कुठल्याच यादीत बसल्या नव्हत्या. आता चारही चढत्या. यादी परत काढली तेव्हा त्यांचं नाव सगळ्यात वर आलं. पुढे नेहमीसारखा रकाना होता: फोन करायचा. त्यात नेहमीसारखं 'होय' आलं.

सांगायचं कुणाला आणि काय? पण नियम मॅडमचाच होता. शेवटी मी नंबर लावला.

"हॅलो, कोण?"

"अण्णा, मी नांदेडहून बोलतेय. मॅडमच्या ऑफिसातून."

"रुख्मिनची पोर का?"

मी ठरवलेलं वाक्य विसरले. मग कसंबसं म्हणाले, "महादेवी स्वामींच्या रिपोर्टसाठी फोन करायचा राहिला होता."

दुकानात कुणीतरी पोती ओढत होतं. तो आवाज थांबला.

"रिपोर्ट माझ्याच फोनवर आल्ता," अण्णा म्हणाले. "मी वाचून दाखवलो तिला. म्हनली, ठेव अण्णा, मी बघते."

"मलाही तेच म्हणाल्या होत्या."

त्यांनीही फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. पोत्यांचा आवाज परत सुरू झाला तेव्हा ते म्हणाले, "नीट ऱ्हा, अव्वा." तिकडे लेकीला मायेनं अव्वा म्हणतात. मग फोन बंद झाला.

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: 'भावाशी बोलणं झालं. माहेरचं नाव महादेवी. फोन उशिरा केला.'

फोन झाल्यावर नाव यादीतून काढायचं असतं. ते मी अजून काढलेलं नाही.